पुरस्कार हा पुरावा असतो, पण कशाचा?



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या आपल्यासारख्यांना एक शब्द फार आवडतो: 'पुरस्कारप्राप्त'. 'पुरस्कारप्राप्त मराठी कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास', 'पुरस्कारप्राप्त विज्ञान साहित्य: विशेष संदर्भासह' वगैरे. आवडतो कारण सोय होते. कमिटीने विचारलं की 'हीच पुस्तकं का निवडली?', तर उत्तर तयार असतं. निवड आपण केलेलीच नसते, परीक्षक मंडळाने आधीच करून ठेवलेली असते.

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने नुकताच मला असाच आराखडा दाखवला. विषय मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. ती म्हणाली, "ताई, पुरस्कार मिळालेली पुस्तकं घेतली की दर्जाचा प्रश्न मिटतो ना?" तिला तेव्हा जे सांगितलं, तेच जरा नीट मांडून इथे लिहितेय. डिसेंबरात पुरवण्यांमधून वर्षभरातल्या उत्तम पुस्तकांच्या याद्या येतात आणि आपण त्या कापून फाइलला लावतो. त्यामुळे वेळही बरी आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: पुरस्कार हा संशोधनात पुरावा म्हणून चालतो, पण तो पुरस्कार देणाऱ्याने पुस्तकात काय वाचलं याचा पुरावा असतो. पुस्तकात काय आहे ते आपल्याला वेगळं शोधावं लागतं. मराठी विज्ञानकथेइतकं याचं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

२०२१: मानाचं वर्ष

आधी आमच्या घराजवळची गोष्ट. मी राहते देवळाली कॅम्पात. इथून नाशिक शहर अगदी जवळ. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. मूळ बेत मार्च महिन्याचा होता, कोरोनामुळे तो पुढे गेला. मराठी साहित्यातला सर्वांत गाजावाजा होणारा मान विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला मिळाला होता. प्रकृतीमुळे नारळीकर प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत.

त्याच वर्षी मार्चमध्ये साहित्य अकादमीने २०२० सालचे पुरस्कार जाहीर केले. मराठीसाठी निवड झाली नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीची. पेशाने सिव्हिल इंजिनियर, 'आजचा सुधारक'च्या संपादनात राहिलेले आणि 'अंताजीची बखर' लिहिणारे खरे. 'उद्या' ही उघडउघड भविष्यातली कादंबरी आहे: माणसांवरची पाळत, कंपन्यांची सत्ता, आणि त्यात आक्रसत गेलेलं रोजचं जगणं. खऱ्यांनी पुरस्कार नम्रपणे नाकारला. आपण काही वर्षांपासून पुरस्कार घेणं थांबवलंय, समाजाने आपल्याला पुष्कळ दिलंय, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणजे एकाच वर्षात अध्यक्षपद आणि अकादमी या दोन मोठ्या दारांतून भविष्याची कथा आत आली. कागदावर पाहिलं तर विज्ञानकथेला मान्यता मिळाली, असं प्रकरण इथे संपवता येतं. पुष्कळ लेखांत ते तसं संपतंही. पण थांबा. या नोंदी जरा सुट्या करून बघू.

नोंद कशाची आहे, ते वाचा

नारळीकरांना साहित्य अकादमी पुरस्कार २०१४ साली मिळाला. कुठल्या पुस्तकासाठी? 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' यांतल्या एकाहीसाठी नाही. १९९६ चं युनेस्कोचं कलिंग पारितोषिक विज्ञान प्रसारासाठी होतं. आत्मचरित्र चांगलं आहे, प्रसाराचं काम तर मोठंच आहे. पण 'अकादमी पुरस्कारप्राप्त विज्ञानकथाकार' असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर वाक्य व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने फसवं होतं.

दुसरी नोंद नाशिकचीच. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ पासून दर दोन वर्षांनी दिला जातो. पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. २०१५ साली तो अरुण साधूंना मिळाला. साधू म्हटलं की आपल्याला 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' आठवतं. त्यांनी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरीही लिहिलीय, हे किती जणांना आठवतं? जनस्थान हा एकूण कारकिर्दीचा सन्मान आहे, त्यामुळे 'विप्लवा'ही त्यात मोजली गेली असं म्हणता येईल. पण साधूंचं नाव निघाल्यावर आपण कुठली पुस्तकं मोजतो आणि कुठलं बाजूला ठेवतो, हे बघण्यासारखं आहे.

तिसरी नोंद जुनी आहे. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जीएंच्या कथांमध्ये कुठल्याच नकाशावर नसलेली राज्यं आहेत, विदूषक आहेत, कोड्यात बोलणारे प्रवासी आहेत. 'इस्किलार' इंग्रजीत लिहिली असती तर दुकानदाराने ती सरळ फॅन्टसीच्या फळीवर ठेवली असती. मराठीत आपण त्यांना रूपककथा म्हणतो, नियतीच्या कथा म्हणतो. तसं म्हटल्याने त्या गंभीर साहित्यात बसतात, आणि 'अद्भुत' हा शब्द नारायण धारपांकडे राहतो. धारपांचं नाव अकादमीच्या यादीत नाही. त्यांचं नाव नव्या पिढीत पुन्हा निघालं ते मुख्यतः २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटामुळे, कारण त्यामागे त्यांच्या कथेची प्रेरणा होती.

लेबल कोण लावतं, यावर बरंच अवलंबून असतं. आमच्या देवळालीच्या नावावरून इंग्रजीत 'डूलाली' असा शब्द झाला, डोकं फिरलेल्या माणसासाठी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ब्रिटिश सैनिक इथल्या छावणीत महिनोन् महिने अडकून पडायचे, त्यातून तो आला. शब्द केला येऊन-जाऊन असणाऱ्यांनी, चिकटला गावाला. 'अद्भुत', 'गूढ', 'रहस्यमय' या फळ्यांचंही थोडं असंच आहे. लावणारे तिथे फार वेळ थांबलेले नसतात.

आता एक सावधगिरी. 'काजळमाया'चा पुरस्कार जीएंनी परत केला होता. 'उद्या'चा खऱ्यांनी घेतलाच नाही. दोन्ही पुस्तकं रूढ वास्तववादाबाहेरची. लगेच मोह होतो लिहायचा: 'वास्तवापलीकडचं लिहिणारे लेखक प्रस्थापित सन्मानांशी फटकून वागतात.' छान वाक्य आहे आणि चूक आहे. जीएंच्या बाबतीत पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून, ते नियमात बसतं की नाही असा वाद निघाला होता. खऱ्यांचा निर्णय सगळ्याच पुरस्कारांबद्दलचा होता. कारणं वेगळी, प्रसंग वेगळे, उदाहरणं दोनच. एवढ्यावर गृहीतक उभं राहत नाही. व्हायवात पहिला प्रश्न इथेच येईल.

नाव झाकलं तेव्हा

या सगळ्यात मला सर्वांत विश्वासाचा वाटणारा सन्मान सर्वांत लहान आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे नारळीकर. ज. वि. ना. ही अद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. हस्ताक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती.

बघा, तोवर नारळीकर देशभर माहीत झालेले होते. १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांना ती केवळ कथा म्हणून वाचणं जड गेलं असतं. नाव बदलून त्यांनी परीक्षकांची सोय केली आणि आपलीही: आता पन्नास वर्षांनी आपण म्हणू शकतो की या एका प्रसंगी तरी बक्षीस कथेला मिळालं, शास्त्रज्ञाला नाही. त्यानंतरचे सगळे सन्मान नावासकट आहेत.

अर्थात इथेही देणाऱ्याकडे बघायला हवं. १९६६ साली स्थापन झालेली परिषद मराठीतून विज्ञान प्रसारासाठी आहे. तिच्या स्पर्धेत कथेतलं विज्ञान बघितलं जाणार हे उघड आहे, आणि त्यात गैर काही नाही. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या कितीतरी जणांना या स्पर्धेने उभं केलं. पण स्पर्धेचा हेतू हळूहळू कथेचा आकार ठरवू लागतो. शेवटी एक जाणकार पात्र येतं, दीड पान समजावून सांगतं, ऐकणारं पात्र 'अच्छा, म्हणजे...' म्हणतं आणि कथा संपते. हा साचा तुम्ही ओळखत असाल. साच्याचा दोष एकट्या लेखकाचा नसतो, तो ज्याची तारीफ होते त्याचाही असतो.

तारीफ कशाची होते?

मराठी विज्ञानकथेच्या परीक्षणांत काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात: वैज्ञानिक अचूकता, सोपी भाषा, वैज्ञानिक दृष्टिकोन, आपल्या मातीतलं वातावरण. चारही गुण खरे आहेत. पण कथा कशी चालते हे त्यातला एकही शब्द सांगत नाही. एक उदाहरण घेऊन बघू.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही नारळीकरांची बहुधा सर्वांत पोहोचलेली कथा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती 'द अ‍ॅडव्हेंचर' म्हणून भेटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात जिथे १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकले आहेत. परत आल्यावर त्यांचा शास्त्रज्ञ मित्र पुंज भौतिकीच्या आधारे त्यांना समजावतो की असं कसं घडू शकतं.

या कथेची तारीफ बहुतेक वेळा त्या शेवटच्या उलगड्याची होते. मला तो कथेतला सर्वांत अशक्त भाग वाटतो. तिथे कथा थांबते आणि तास सुरू होतो. कथा खरी जिवंत आहे ती आधी, ग्रंथालयात आणि मैदानात.

ग्रंथालयात गंगाधरपंत स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड मागवतात. आधीचे खंड जसेच्या तसे. शेवटच्यात मात्र इतिहास वेगळा. इतिहासकार स्वतःचाच ग्रंथ परक्यासारखा वाचतोय, त्यात आपलीच शैली ओळखतोय आणि निष्कर्ष मात्र आपला नाही! संशोधन करणाऱ्या कुणालाही यात गंमत आणि धास्ती दोन्ही वाटायला हवी. एका घटनेचा पुरावा बदलला तर आपण त्याच आत्मविश्वासाने, त्याच भाषेत, उलटं लिहिलं असतं. आणि पुरावा तरी काय? बखरीचं एक पान. त्या पानावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. ते पान चुकून खिशात राहतं आणि त्यांच्यासोबत इकडे येतं. सगळी कथा त्या पानावर तोललेली आहे.

दुसरा प्रसंग आझाद मैदानावरचा. गंगाधरपंत म्हणजे सभांचे सराईत अध्यक्ष, हजाराव्या अध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर आलेले. मैदानात सभा चालू दिसते आणि मंचावर अध्यक्षाची खुर्चीच भरलेली नाही. ते सवयीने जाऊन बसतात आणि बोलू लागतात. पण त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती प्रथाच बंद करून बसलेत. पुढे त्यांच्यावर काय काय फेकलं जातं ते कथेतच वाचा.

पानिपत जिंकलेल्या महाराष्ट्राचं चित्र काढताना लेखकाला साम्राज्याच्या वैभवाइतकीच ही गोष्टही सुचते: तिथे सभेला अध्यक्ष लागत नाही. हा चिमटा आहे, आणि तो आपल्या साहित्य व्यवहारालाच आहे. ज्याने तो काढला त्याचीच पुढे संमेलनाध्यक्ष म्हणून निवड झाली. या योगायोगावर मला तरी हसू येतं, आणि हे हसू कथेच्या बाजूचं आहे. मानाच्या खुर्चीवर बसवताना आपण त्या लेखकाचा विनोद वाचला होता का, हा प्रश्न मात्र उरतो. 'वैज्ञानिक अचूकता' या शब्दात तो विनोद मावत नाही.

'उद्या'चंही असंच. तिच्याविषयी बोलताना आपण पटकन म्हणतो, 'अहो, हे तर आत्ताच खरं व्हायला लागलंय.' ही तारीफ ज्योतिषाची झाली. उद्या त्यातलं काही खरं ठरलं नाही, तर कादंबरी पडली का? ऑर्वेलचं १९८४ साल येऊन गेलं, कादंबरी अजून वाचली जाते. भविष्याचं चित्र आजच्या कुठल्या सवयी मोठ्या करून दाखवतं, कुठली भाषा वापरतं, वाचकाला कुठे उभं करतं, हे बोललं गेलं तर ती समीक्षा. पुरस्काराने 'उद्या'कडे लक्ष वेधलं, हे चांगलंच झालं. समीक्षेचं काम तिथून सुरू होतं.

आणि वर्ष संपतं कधी?

एक तांत्रिक वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट. पुरस्कार पुस्तकांना मिळतात आणि पुस्तकाला प्रकाशनाचं साल लागतं. मराठी विज्ञानकथा आणि गूढकथा मात्र मुख्यतः दिवाळी अंकांत जगलेली आहे. १९०९ ला 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची सुरुवात केली, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला भरतं. 'नवल' आणि 'धनंजय' या अंकांनी अद्भुत, रहस्य आणि विज्ञानकथेला दरवर्षी हक्काची जागा दिली. तिथे आलेली कथा संग्रहात येईपर्यंत काही वर्षं जातात, काही कथा येतच नाहीत. डिसेंबरच्या यादीत संग्रह दिसला तरी तो अनेक दिवाळ्यांचा साठा असतो. म्हणून साल हा निकष लावताना कथा पहिल्यांदा कुठे छापली गेली ते शोधणं आलंच.

बाहेर काय चालतं तेही थोडक्यात बघा. ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून, विश्व विज्ञानकथा संमेलनाच्या सदस्यांच्या मतांवर, म्हणजे वाचकांच्या कौलावर. नेब्युला लेखकांच्या संघटनेचा, मतदार लेखकच. ब्रिटनचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षक मंडळाचा. १९८७ चा पहिलाच क्लार्क पुरस्कार मार्गारेट अ‍ॅटवूडच्या 'द हँडमेड्स टेल'ला मिळाला, आणि तिला आपल्या लेखनाला विज्ञानकथा म्हणवून घेणं फारसं पसंत नव्हतं. तीन पुरस्कार, तीन वेगळे प्रश्न: वाचकांना काय आवडलं, सहकारी लेखकांना काय जमलेलं वाटलं, परीक्षकांना काय टिकेलसं वाटतं. तीनही असल्यामुळे तिकडच्या अभ्यासकाला त्यांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघता येतात. अकादमीच्या मुख्य पुरस्कारात मात्र एका भाषेला वर्षाला एकच जागा असते, आणि कविता, समीक्षा, आत्मचरित्र, कादंबरी सगळे एकाच रांगेत. तिथे विज्ञानकथा नाही म्हणून ती कमअस्सल, असा निष्कर्ष निघत नाही. आणि परीक्षकांनी अन्याय केला, असाही निघत नाही. दोन्ही म्हणायला आधी पुस्तकं वाचायला लागतात.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं?

'पुरस्कारप्राप्त' हा निकष ठेवायचाच असेल, तर प्रत्येक पुरस्कारापुढे पाच गोष्टी लिहा: कोणी दिला, कशासाठी स्थापन झाला, नेमका पुस्तकाला की कारकिर्दीला, कुठल्या काळातली पुस्तकं पात्र होती, आणि निवडीचं कारण म्हणून काय लिहिलं गेलं. या पाच रकान्यांतच तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण दडलेलं असतं.

मग त्या यादीशेजारी दुसरी यादी करा, पुरस्कारांच्या आधाराशिवाय. त्यात शुभदा गोगट्यांची 'यंत्रायणी' येईल, लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुखांची 'देवांसि जिवे मारिले' येईल, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके, मेघश्री दळवी येतील, धारप येतील. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली श्री. बा. रानड्यांची 'तारेचे हास्य' येईल. दोन याद्यांमध्ये जे अंतर दिसेल तोच तुमचा संशोधन प्रश्न. पहिल्या यादीत लेखिका किती आणि दुसरीत किती, एवढं मोजलंत तरी बोलण्यासारखं काही हाती लागेल.

तिसरा पुरावा फुकट मिळतो आणि कुणी बघत नाही. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के असलेली चिठ्ठी असते. नाशिकच्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयापासून तुमच्या तालुक्याच्या वाचनालयापर्यंत कुठेही जा, परवानगी घ्या आणि गौरवलेल्या एका संग्रहाची चिठ्ठी धारपांच्या एखाद्या कादंबरीच्या चिठ्ठीशेजारी ठेवून बघा. शिक्क्यांवरून दर्जा कळत नाही, पण वाचन कळतं. 'लोकप्रिय असूनही दुर्लक्षित' असं नुसतं लिहिण्यापेक्षा दहा वर्षांचे शिक्के मोजून लिहिलेलं वाक्य कमिटीसमोर जास्त टिकतं.

आणि शेवटचं, पण पहिलं करायचं. निवडलेल्या प्रत्येक कथेवर, तिच्याबद्दल कुणी काय म्हटलंय ते वाचण्याआधी, स्वतःचं एक पान लिहा. लेखकाचं नाव झाकून वाचता आलं तर उत्तम. १९७४ च्या परीक्षकांना जी सोय मिळाली ती आपली आपण करून घ्यायची. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्यांच्याबद्दल आदराने खूप लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. त्यांच्या कथांबद्दल लिहायचं काम मात्र बरंच शिल्लक आहे, आणि ते पुरवण्या करणार नाहीत. ते तुमच्या-माझ्यासारख्यांनीच करायचं आहे.

दोन याद्या करून बघा. पुढच्या वेळी संग्रहातल्या कथेचं मूळ प्रकाशन कसं शोधायचं आणि जुने दिवाळी अंक कुठे कुठे मिळू शकतात, त्यावर बोलू.